आबांच्या हयातीत

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात, बेसिनवरच्या आरशासमोर उभा राहून विजयसिंह आपल्या मुलाला मिशी शिकवत होता. शिकवणारा दमलेला होता आणि शिकणारा मोबाइलमध्ये बघत होता.

शिकवणं भाग होतं, कारण वरून हुकूम आला होता. वरून म्हणजे बिद्रीजवळच्या गावाहून, विजयसिंहच्या वडिलांकडून. हंबीरराव आबांनी बुधवारीच फोन केला होता. "राजवीरचा साखरपुडा फुडच्या म्हैन्यात, आन् तोंडावर त्ये दाढीचं झुडूप! दाढी काढाय लाव आन् मिशीला पीळ द्याला शिकीव. आपल्या घरात बापानं पोराला मिशी शिकवायची असती. मी रविवारी बघायला येतोय. जमत नसंल तर सांग, मी शिकीवतो. मग तू कसला बाप?"

विजयसिंहचं मोटारपंप रिवाइंडिंगचं दुकान होतं. दिवसभर जळालेल्या मोटारी उलगडायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन बाप आणि लेक यांच्यामध्ये वायरीसारखं ताणून घ्यायचं, हा त्याचा दिनक्रम. खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही मिशी कधी आवडली नव्हती. उन्हाळ्यात ती खाजायची, चहात बुडायची, आणि अलीकडे दर आठवड्याला काळी करावी लागायची. पण आबांनी अठराव्या वर्षी ठेवायला लावली म्हणून ठेवली, आणि ठेवली म्हणून राहिली.

"हिकडं बघ," तो मुलाला म्हणाला. "पहिल्यांदा खालनं कात्रीनं सरळ करायची. ओठावर एक केस आला न्हाय पायजे. मर्दाची मिशी म्हंजे..." पुढचं त्याला आठवेना. आबा इथं काहीतरी जोरदार म्हणायचे. "म्हंजे मिशी. कात्री कुठाय?"

कात्री सापडली नाही. राजवीरने मोबाइलवरून नजर न काढता ट्रिमर पुढे केला. "हे घ्या की पप्पा. लगेच हुतंय."

ट्रिमरची कंगव्यासारखी टोपी, जी केस मुळापासून कापू देत नाही, ती राजवीरने रात्री धुवायला काढली होती, आणि अजून खिडकीत वाळत होती. हे राजवीरला माहीत होतं, पण त्याच्या लक्षात नव्हतं. विजयसिंहला माहीतच नव्हतं. खर्रकन आवाज झाला.

"पप्पा."

"काय?"

"काय न्हाय. आरशात बघा."

उजवी मिशी बेसिनमध्ये पडली होती. डावी जागेवर होती आणि एकटीच पिळदार दिसत होती. आवाज ऐकून संयोगिता हातात पळी घेऊन आली. आबा जेवायला येणार म्हणून तिनं सकाळीच मटण शिजत घातलं होतं. तिनं नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हसू आवरत म्हणाली, "आता ती दुसरी तरी कुणासाठी राखताय? अर्धी बघून आबा जास्त चिडतील."

आबा चिडण्याचं कारण साधंसुधं नव्हतं. आमच्या भागात जुन्या घरांतल्या पुरुषाची मिशी एकदाच उतरते; आई गेल्यावरही नाही, फक्त बाप गेल्यावर. बाप हयात असताना मिशीला वस्तरा लावणं म्हणजे बापाला जिवंतपणी पोचवून येणं. हे वाक्य आबांनी विजयसिंहला इतक्या वेळा ऐकवलं होतं की वस्तरा हातात घेताना ते त्याला आबांच्याच आवाजात ऐकू आलं. पण इलाज नव्हता. दुसरीही गेली.

आता एकच मागणं उरलं. आबांनी आज येऊ नये. एसटी चुकावी, पाय लचकावा, शेतात पाण्याची पाळी यावी, काहीही व्हावं, पण आबांनी आज येऊ नये.

"देवाला हात जोडून झाले असतील तर कोथिंबीर आणा," संयोगिता म्हणाली.

तो खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून, त्याच्या टोकानं तोंड झाकत कोपऱ्यापर्यंत गेला. तिथं तालमीच्या दारात कृष्णात बसला होता. कृष्णात म्हणजे तालीम मंडळाचा सेक्रेटरी. पेठेत कुणाच्या घरी पाळणा हलला की पेढे आणि कुणी गेलं की हार, दोन्ही आधी कृष्णातच्या हातात दिसायचे. कोथिंबिरीचे पैसे काढताना टॉवेल सुटला, आणि कृष्णातनं विजयसिंहचा उघडा ओठ पाहिला.

त्यानं काही विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतं, हे त्याला कळत होतं. तो उठला, त्यानं विजयसिंहच्या खांद्यावर हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "धीर धर, विजूदा."

विजयसिंहला भरून आलं. एवढ्या मोठ्या पेठेत आपल्या मिशीचं दुःख एका तरी माणसाला समजलं, असं त्याला वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून कृष्णातची उरलीसुरली शंका फिटली. गावाकडेच सगळं उरकलं, आपल्याला कळवलंसुद्धा नाही, म्हणून तो क्षणभर रुसलाही. पण ही वेळ रुसण्याची नव्हती. त्यानं फोन काढला.

घरी आल्यावर संयोगितानं काजळाची पेन्सिल घेतली आणि नवऱ्याला पाटावर बसवून मिशी काढली. पहिली वाकडी आली, म्हणून ती सरळ करताना जाड झाली.

"पप्पा, शाळंच्या गॅदरिंगमधला मावळा दिसताय," राजवीर म्हणाला.

"तू गप. तुझ्यापायी झालंय ह्ये सगळं."

तोवर बाहेर चपला वाजू लागल्या. एक माणूस आला आणि कट्ट्यावर बसला. मग चार आले. मग तालमीतली पोरं आली आणि भिंतीला टेकून, माना खाली घालून उभी राहिली. कृष्णात मधोमध बसला. आतून तांबड्या रश्श्याचा घमघमाट सुटला होता. माणसं एकमेकांकडे बघत होती. बाप जाऊन दिवस नाही झाला आणि ह्या घरात मटण? पण मोठ्या घरचं मोठं असतं, असं म्हणून सगळे गप्प राहिले आणि लांब श्वास घेत राहिले.

एवढ्यात समोरच्या बयाबाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन थेट आत शिरल्या आणि संयोगिताच्या गळ्यात पडल्या. "माझे बाई! सांगितलं सुदिक न्हाईस गं!"

"काय सांगायचं, काकी?" संयोगिता लाजली. "मिशीचं काय एवढं?"

"कसली मिशी गं? तुझा सासरा गेला की! कोपऱ्यावर बोर्ड लागलाय फोटूसकट."

संयोगिताच्या हातातली पळी पडली. राजवीर धावत जाऊन मोबाइलवर फोटो काढून आला. कोल्हापुरात डॉक्टरला वेळ लागेल, फ्लेक्सला लागत नाही. आठ फूट उंचीचे आबा मिशीला पीळ देऊन हसत होते, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली शोकाकुल म्हणून कृष्णातचा फोटो, गॉगल घातलेला.

विजयसिंहनं आबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. एसटीत बसलं की आबा बॅटरी वाचवायला फोन बंद करतात, हे त्याला गेली दहा वर्षं माहीत होतं. पण त्या क्षणी त्याला एवढंच सुचलं की गावाकडून निरोप आला असणार, तो तालमीत पोचला आणि आपल्यापर्यंत आला नाही. छापून आलेली गोष्ट खोटी असेल असं त्याच्या मनातच आलं नाही.

आणि सकाळपासून आपण काय मागत होतो, ते त्याला आठवलं.

तो उठून उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच मटकन खाली बसला. आबांनी लहानपणापासून शिकवलं होतं, पुरुषाचं रडणं चार माणसांत दिसता कामा नये. इथं चाळीस माणसं होती. विजयसिंह लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. "आबा, मी आसं म्हणलो नव्हतो," तो म्हणत होता. "आबा, मी नुसतं आज नगा म्हणलो होतो." काजळ विरघळून हनुवटीपर्यंत ओघळ आले. कुणाला काही कळत नव्हतं, पण कृष्णातही रडू लागला.

"सरका बाजूला!"

गर्दी मागे वळली आणि आपोआप दुभंगली. मधून आबा आले. पांढरा पटका, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी.

"कोपऱ्यावरच्या बोर्डावर माझं वय पंच्याऐंशी कुणी टाकलं?" त्यांनी विचारलं. "ब्याऐंशी हाय मला."

बयाबाई किंचाळल्या. कृष्णात उठला, हात जोडून अडखळू लागला. "आबा, चुकी झाली. सकाळी विजूदाला बघितलं, मिशी न्हवती, डोळ्यात पाणी... म्हटलं, दुसरं काय असणार?"

मिशी हा शब्द ऐकून आबा थांबले. विजयसिंह उंबऱ्यावर बसलेलाच होता. बाप जिवंत आहे म्हणून उठून पाय धरावेत, की बाप जिवंत आहे म्हणून पळून जावं, हे त्याचं ठरत नव्हतं. आबा त्याच्यापुढे उकिडवे बसले. पटक्याच्या टोकानं त्यांनी लेकाचं काजळ पुसायला सुरुवात केली. चाळीस माणसं श्वास रोखून थप्पड कधी बसते ते बघत होती.

पुसून झालं, तरी आबांनी हनुवटी सोडली नाही.

"ह्यो ओठ चिमणाचा हाय," ते म्हणाले.

चिमणाबाई म्हणजे विजयसिंहची आई. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. आबांनी त्या दिवसापासून त्यांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"सगळा तिचा हाय की रं. मधली खाच सुदिक. एवढी वर्सं झाकून ठेवलास व्हय?"

"तुम्हीच ठेवाय लावली होती, आबा."

"मला काय ठावं, खाली ह्ये हाय म्हणून!" आबा ओरडले, आणि सगळ्यांसमोर त्यांचा आवाज फाटला. मग कुणाकडे न बघता ते आत गेले आणि मटणाचं पातेलं उघडून बसले. शोकाला आलेल्या मंडळींनाही मग जेवूनच जावं लागलं. राजवीरच्या दाढीचा विषय त्या दिवशी कुणी काढलाच नाही.

जाताना आबांनी नवा हुकूम सोडला: मिशी पुन्हा ठेवायची नाही. त्यामुळे विजयसिंहच्या कामात रोजची भर पडली. सकाळी घोटून दाढी करायची आणि आबांच्या व्हिडिओ कॉलची वाट बघायची. पडद्यावर बहुतेक वेळा आबांचं कपाळ दिसतं. ते "जरा लांब धर फोन" म्हणतात आणि बघत बसतात. विजयसिंह दुकानाला उशीर होतोय हे न बोलता उभा राहतो.

परवा आबा म्हणाले, "आसा गप नगं ऱ्हाऊस. ती कवा गप बसायची न्हाय."

"मग काय बोलू?"

"रागाव की."

बावन्न वर्षांत विजयसिंहनं बापापुढे आवाज चढवला नव्हता. त्यानं चाचरत विचारलं, "आबा, बीपीची गोळी घेतली का?"

"आसं न्हवं. दवाखान्यातली बाई बोलल्यागत झालं. जोरात."

विजयसिंहनं मागं वळून बघितलं, न्हाणीघरात जाऊन कडी घातली आणि डोळे मिटले. "किती डाव सांगायचं वो तुमास्नी?" तो ओरडला. "गोळी घ्या म्हटलं की घ्यायची! कुणाचं ऐकायलाच नगं! सगळ्या जगाला शिकवायचं आन् सोताच्या जिवाची काळजी न्हाय!"

पलीकडे डबी उघडल्याचा आवाज आला, पाणी प्यायल्याचा आला.

"घेतली," आबा म्हणाले. एवढ्या मऊ आवाजात बोलणारे आबा विजयसिंहनं फक्त लहानपणी ऐकले होते, ते पण आईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून.