वेताळाची सही

चोपड्याच्या फेरीधक्क्यावरची पोर्तुगीज काळातली चौकी पाडायचा बेत एकमताने रद्द झाला. पण सरकारदरबारी तसं काही घडलंच नाही, तेव्हा आपणही ते विसरू.

गोवा राज्य झालं आणि लगेच रस्ता रुंद करायला ती चौकी आड आली. चौकीत कृष्णनाथचं चहाचं हॉटेल. चौकी गेली की त्याच्या घरची चूल गेली. तो पणजीला जाऊन भांडला. साहेब म्हणाले, "जुन्या वास्तूंची सल्लागार समिती ठरवील. अध्यक्ष आहेत, इतिहासतज्ज्ञ आहेत, रस्त्याचे इंजिनियर आहेत. गावातला सर्वांत जुना रहिवासी तेवढा हवा. नाव द्या."

गावात दोन नावं निघाली.

"तुझ्या बारश्याक जेवलंय मी, पार्वते!" सखारामआजोबा गरजले.

"मेल्या, तू रांगत होतंस तेव्हा माझी दाढ पडलेली!"

गाव दुभंगला. सोयरिका मोडायची वेळ आली, तेव्हा कृष्णनाथची बायको विमला वैतागून म्हणाली, "दोघांहून जुनो एक आसा नी! आमचो वेताळ!"

ग्रामदेवापुढे कोण बोलणार? नाव गेलं. साहेबांनी न वाचता शिक्का मारला. 'श्री. वेताळ, रा. चोपडे' यांना सभेची नोटीस आली.

"सदस्य गावची शीव ओलांडत नाहीत," कृष्णनाथने कळवलं. मग समितीच फेरीबोटीने देवळात आली.

देवाचा कौल लावणाऱ्या घाडी महादेवने उभ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा वेताळा, चौकी पाडूची तर उजवी दी, ऱ्हवाची तर डावी!"

डावी पडली.

"परत विचारा," इंजिनियर म्हणाले.

"इचारतंय. पण तिसऱ्यांदा नाय हां. तो चिडता."

परत डावी. इंजिनियरांना त्याच नदीतून परत जायचं होतं. त्यांनीही हात वर केला.

अडलं ते सहीवर. इतिवृत्तावर सगळ्या सदस्यांची सही हवी, आणि वेताळ काही सही करीना. सही नाही म्हणून सभा नाही, सभा नाही म्हणून सल्ला नाही, आणि सल्ल्याशिवाय चौकीला हात लावता येईना.

पणजीहून खरमरीत पत्र आलं: सदस्य श्री. वेताळ यांनी पुढील सभेस येऊन, आसनस्थ होऊन, सही करावी.

"आता काय करतल्यात?" विमला घाबरली.

"लिवतंय," म्हणत कृष्णनाथने चहाचे पेले बाजूला सारले आणि शुद्ध सरकारी भाषेत लिहिलं:

"महोदय, आमचे सदस्य कायम उभे असतात. ज्येष्ठ सदस्य उभे असताना इतरांनी बसणे शिष्टाचारास धरून नाही. सबब यापुढील सर्व सभा, माननीय अध्यक्षांसह, उभ्यानेच घेण्यात याव्यात, ही नम्र विनंती."