राहिलेल्या दोन ओळी

"कंप्युटरचं माझ्यावर सोडा, आबा. तुम्ही फक्त नारळ आणा," असं दत्ता ढमढेरे पोपटरावांना म्हणाला, तेव्हा त्याचा डोळा नारळावर नव्हता. पोपटरावांच्या वैष्णवीवर होता.

शिरूरच्या वधू-वर मंडळाचे पोपटराव अध्यक्ष. दुनियेची लग्नं जुळवणारा हा माणूस स्वतःच्या मुलीचं निघालं की म्हणायचा, "मेळावा हुंद्या, मग बघू." दत्ता रांजणगावच्या एका कंपनीत कंप्युटर सांभाळायचा. मंडळाला मशीन बसवून दिलं की जावयांच्या रांगेत आपण पहिले, हा त्याचा हिशेब. साल दोन हजार दोन होतं. कंप्युटर येणाऱ्याला मुली नाही म्हणत नाहीत, अशी बऱ्याच मुलांची तेव्हा समजूत होती.

अडचण जागेची होती. मुलामुलींचे फोटो जुन्या हार्डडिस्कमध्ये मावेनात आणि नवी घ्यायला पोपटराव राजी होईनात. मग दत्तानं कुठून तरी आणखी एक जुनी डिस्क पैदा केली आणि लिनक्स नावाच्या फुकटच्या प्रणालीत दोन्ही जोडून एकच मोठी केली. म्हणजे मधला बांध काढून दोन वावरांचं एक वावर. शिरूर तालुक्यात असा बांध काढायला तीन पिढ्या आणि दोन वकील लागतात. दत्तानं तो चहा निवायच्या आत काढला.

एक गोष्ट मात्र राहिली. मशीन बंद पडून पुन्हा उठलं की ही जोडणी विसरायचं. ती मशीननं आपली आपण करावी, तर स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीन उठल्या-उठल्या जे वाचतं त्यात, दोन ओळी घालायला हव्या होत्या. दत्ता ते दोन हुकूम हातानं द्यायचा. ओळी काय, उद्या घालू.

मेळाव्याच्या सकाळी मंगल कार्यालय भरलं आणि पोपटराव म्हणाले, "दत्ताराव, मशीन बंद करा."

"का?"

"का म्हंजी? हौसरावमामांच्या हस्ते उद्घाटन हाय. चालू मशीन मामा चालू कसं करनार?"

भरल्या मांडवात मशीन अडलं, तर दत्ताचं स्थळही तिथंच अडणार होतं.

"आबा, सारखं बंद-चालू केलं की बिघडतं ते. आपण नुसता पडदा बंद ठेवू. मामांनी पडद्याचं बटण दाबायचं. फोटो दिसले की टाळ्या."

पोपटरावांना पटलं. दत्तानं घाम पुसला.

पोपटरावांच्या पत्नी तुळजाबाई यांनी मशीनला हळदीकुंकू लावलं, हार घातला. प्रमुख पाहुणे हौसरावमामा फेटा सावरत पुढे आले. त्यांचं बोट पडद्याच्या हरभऱ्याएवढ्या बटणाकडे निघालं, आणि पोपटरावांना ते बघवेना. एवढा मोठा माणूस आणि एवढंसं बटण?

"मामा, त्ये बारकं ऱ्हाऊ द्या. ह्ये डब्याचं मोठं दाबा. फोटूत दिसंल तरी."

"आबा, न..." एवढंच दत्ताच्या तोंडून निघालं. मामांनी मोठं बटण दाबलं. डब्यातली घरघर थांबली.

"लाजलं काय?" म्हणत मामांनी ते पुन्हा दाबलं. दत्तानं पडद्याचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली आणि मांडवात टाळ्या पडल्या. मग अक्षरं थबकली. डिस्क सापडत नाही, असं मशीन इंग्रजीतून बोंबलत होतं. मांडवात ते वाचणारी माणसं दोनच, एक दत्ता आणि एक वैष्णवी.

"फोटू कुठं हायेत?" पुढच्या रांगेतून एक वरमाय म्हणाली. "माझ्या पोराचा पयला लावा."

दत्ता मशीनपुढे बसला. पहिला हुकूम दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमला, दुसरा लगेच बसला, आणि सगळे इच्छुक वर-वधू सुखरूप परत आले.

पोपटराव भारावले. "म्हंजी तुमचा हात लागल्याबिगर ह्ये चालूच हुत न्हाई?"

इथं खरं बोलायला हरकत नव्हती. पण पोपटरावांनी पुढचं वाक्य टाकलं, "मग मशीन आपल्या घरी ठिवू. रोज सकाळी येऊन चालू करून देत जावा. चा-नाष्टा हितंच."

"कुलूपच समजा आबा. किल्ली माझ्याकडं," दत्ता म्हणाला. दोन ओळी राहिल्या त्या राहिल्याच.

तीन महिने तो कामावर जाण्याआधी रोज येई. कपाळाला आठ्या घालून, वैष्णवीला दिसू नये म्हणून कीबोर्डवर ओणवून दोन हुकूम देई आणि पोहे खाई. जीव मात्र टांगलेला. कधी पकडले जाऊ, नेम नव्हता. शेवटी त्यानं तुळजाबाईंपाशी विषय काढलाच.

"काकू, आमच्या स्थळाचं काय झालं?"

"आमाला चालंल वो," तुळजाबाई पोहे परतत म्हणाल्या. "पोरगीच न्हाई म्हनती. म्हनती, तीन म्हैनं झालं, ह्यांना येक मशीन नीट करता येईना. रोज तेच बिघडतंय, रोज तेच जोडत्यात. आन् ह्ये संसार करनार?"

दत्तानं पोह्यांची बशी बाजूला सारली. वैष्णवी कॉलेजला गेलेली होती. त्यानं तिथंच बसून दोन ओळी घातल्या, मशीन बंद-चालू करून बघितलं. आपसूक उठलं. उद्या तिच्यासमोरच दाखवू.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो आला, तर लाईट गेलेली आणि दारात जीप. खुटबावचे पाहुणे वैष्णवीला बघायला आले होते. नवऱ्या मुलानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, तोच लाईट आली. मशीनचं बटण चालूच राहिलं होतं. अक्षरं धावली, कुठंही न थबकता थेट फोटोंवर जाऊन पोचली.

पोपटराव बघतच राहिले. "तीन म्हैनं ह्यो दत्ता झटतुया, आन् पाव्हण्यांचं पाऊल लागलं न्हाई तवर मशीन आपसूक उठलं. पायगुन म्हनत्यात तो ह्योच."

"आबा, मी काल त्यात दोन ओळी..."

"दत्ता, मधी बोलू नगंस. पाव्हण्यांना पानी दे."

दत्तानं पाणी दिलं. नवऱ्या मुलानं तांब्या घेत आपुलकीनं विचारलं, "तुम्ही हितं कामाला का?"

"कालपर्यंत होतो," दत्ता म्हणाला.