हिल्डाची काहीच तक्रार नाही

मंगळवारी संध्याकाळी ऑर्विल होल्मक्विस्टने हॉटडिशमधला, म्हणजे मांस आणि बटाट्यांच्या ओव्हनमध्ये भाजलेल्या थरातला, सगळ्यात कुरकुरीत कोपरा चमच्याने उचलून आपल्या ताटात घेतला, तेव्हा त्याच्या बायकोचं, थेल्माचं लक्ष त्याच्या नखांकडे गेलं. नखं स्वच्छ होती.

नुसती स्वच्छ नव्हे, एखाद्या दंतवैद्याची असावीत तशी गुलाबी. थेल्मा काटा हातात धरून बघतच राहिली. गेली एकोणीस वर्षं हा माणूस रोज दुपारच्या जेवणानंतर गॅरेजमध्ये जात होता आणि दिवेलागणीला कोपरापर्यंत काळा होऊन परत येत होता. गॅरेजमध्ये हिल्डा होती. १९५० सालची, चार दारांची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची मोटार. ऑर्विलच्या एका मावशीचं नाव तिला दिलं होतं, कारण मावशीही सकाळी लवकर सुरू होत नसे आणि सुरू झाली की थांबत नसे. हिल्डाने थेल्माचे तीन टॉवेल, दोन पडदे आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली एक चादर आजवर काळी केली होती. त्याबद्दल थेल्माने जेवढी कटकट केली, तेवढी तिने दुसऱ्या कशाबद्दलही केली नसेल.

आणि आता नखं गुलाबी.

"आज काय केलंस?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कार्बुरेटर," ऑर्विल म्हणाला.

"गेल्या आठवड्यात पण कार्बुरेटरच होता ना?"

"मोठं काम असतं ते," असं म्हणून त्याने तोंडात एवढा मोठा घास कोंबला, की पुढचं बोलणंच खुंटलं.

भांडी घासताना थेल्मा मुद्दाम त्याच्या जवळून गेली. त्याच्या हातांना लॅव्हेंडरच्या साबणाचा वास येत होता. होल्मक्विस्टांच्या घरात लॅव्हेंडरचा साबण नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने मर्नाला फोन केला. मर्ना चर्चच्या तळघरात तिच्या शेजारी बसून गोधड्या शिवायची, आणि एल्म रिव्हर गावातल्या कुठल्या घरात काय शिजतंय याचा वास तिला टाके घालता घालता लागायचा.

"साबणाचं राहू दे," मर्ना म्हणाली, "आणखी काही दिसलं का ते सांग."

"टोपीवर पीस होतं. पांढरं."

"पीस!" मर्ना किंचाळली. "लांब होतं की आखूड?"

"आखूड. मऊ."

"उशीतलं," मर्ना जड आवाजात म्हणाली.

थेल्माने फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. ऑर्विल सहासष्ट वर्षांचा होता. त्याला टक्कल होतं, गुडघे वाजायचे, आणि नाचाच्या कार्यक्रमाला नेलं की तो पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांच्या चाकाजवळ बसून राहायचा. असल्या माणसाला कोण घेऊन जाणार? पण मग तिला आठवलं, की चौतीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न तिच्या आईने तिला विचारला होता, आणि तरीही तिने त्याला घेतलंच होतं.

गुरुवारी ऑर्विल केस कापायला गेला, तेव्हा ती गॅरेजमध्ये शिरली. हिल्डाच्या समोरच्या तबकडीवरचे मैल तिने किराणा मालाच्या यादीच्या मागे टिपून ठेवले. शुक्रवारी ती गोधड्या शिवून आली आणि पुन्हा आकडे बघितले. बावीस मैल वाढले होते. पुढच्या मंगळवारी आणखी बावीस. ती चर्चला गेली की हिल्डा बाहेर पडत होती, अकरा मैल जायचे आणि अकरा मैल यायचे.

"अकरा मैलांवर कोण राहतं?" मर्नाने विचारलं आणि थेल्मा तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, "युनिस डाल! विधवा आहे. दालचिनीचा केक करते. थेल्मा, तिचा केक मी खाल्लाय. तुला घाबरवायचं नाहीये मला, पण केक चांगला असतो."

येत्या शुक्रवारी काय करायचं ते थेल्माने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी तिने नेहमीसारखी शिवणाची पिशवी उचलली, "येते रे!" म्हणून ओरडली, पुढच्या दाराने बाहेर पडली आणि घराला वळसा घालून गॅरेजमध्ये शिरली. हिल्डाची मागची जागा एखाद्या दिवाणखान्यातल्या कोचाएवढी होती. कोच आणि पुढच्या सीटच्या मध्ये खाली थेल्मा आडवी झाली आणि चौकड्यांची जुनी शाल अंगावर ओढून घेतली. मागचं दार तिने हळूच ओढलं. वीस वेळा आपटल्याशिवाय न लागणारं ते दार फ्रीजच्या दारासारखं 'टप' करून बसलं. थेल्माला ते आवडलं नाही.

पाच मिनिटांनी ऑर्विल शीळ घालत आला. त्याने किल्ली फिरवली आणि हिल्डा पहिल्याच फटक्याला सुरू झाली.

शालीखाली थेल्माचे डोळे विस्फारले. हिल्डा कधीही पहिल्या फटक्याला सुरू झाली नव्हती. तिसऱ्या फटक्याला ती खोकायची, पाचव्याला धूर सोडायची, मग ऑर्विल उतरून तिच्या पुढच्या बाजूला जाऊन काहीतरी अर्वाच्य बोलायचा, आणि मग ती निघायची. आज तिने आवाजसुद्धा केला नाही. रस्त्याला लागल्यावर तर गाडीत इतकी शांतता होती, की थेल्माला नाकाशी आलेली शिंक दोन्ही हातांनी दाबून पोटात परतवावी लागली.

तेवढ्यात ऑर्विल बोलायला लागला.

"काय करू गं मी आता?" तो म्हणाला. आवाज इतका हळवा होता, की थेल्माला आपलं लग्न झालं ते वर्ष आठवलं. "तुझ्याकडे बघवत नाही मला. आता तुझ्यात काही राहिलंच नाही बघ. म्हणून तिकडे जातो. वाईट वाटून घेऊ नकोस." स्टिअरिंगवर थोपटल्यासारखा आवाज आला. "थेल्माला सांगायला हवं, कळतंय मला. पण तिला कळलं की संपलंच सगळं."

थेल्माने शालीची कड दातांत धरली.

गाडी खडीवरून कचकच करत वळली आणि थांबली. कोंबड्यांचा कलकलाट झाला, जाळीचं दार वाजलं, आणि एका बाईचा ठणठणीत आवाज आला, "आलास का? मला वाटलं आज येतोयस की नाही! ती बिचारी तशीच उघडी पडलीय मंगळवारपासून!"

"कुठंय?"

"कुठं जाणार? आतच आहे. पण आधी कपडे बदल, मग तिला हात लाव. आणि आज जरा जपून हं. त्या दिवशी तू गेल्यावर खालून सगळं गळत होतं."

पावलं दूर गेली. थेल्मा शालीखाली तशीच पडून राहिली. म्हणजे ही युनिस नुसती मध्यस्थ होती! आत आणखी कोणीतरी होती! अपमानापेक्षाही आधी तिला कुतूहलच वाटलं, आणि त्याचा तिला स्वतःलाच राग आला. ती उठली, केस सारखे केले, शिवणाची पिशवी शस्त्रासारखी धरली आणि दाराची कडी दाबली.

दार उघडलं नाही. तिने कडी ओढली, हलवली, दोन्ही हातांनी पिळली. ऑर्विलने कुठूनतरी नवी कडी आणून बसवली होती आणि ती वर उचलायची असते हे सांगायला तो जवळ नव्हता. दुसऱ्या बाजूला तेच. तेव्हा थेल्माने पुढच्या सीटवरून पलीकडे जायचं ठरवलं. बासष्टाव्या वर्षी आणि रविवारच्या झग्यात हा बेत मनातल्या मनातच सोपा होता. अर्धी थेल्मा पलीकडे गेली, अर्धी अलीकडे राहिली, झगा मधल्या कशाला तरी अडकला, आणि तोल सावरायला तिने कोपर टेकलं ते नेमकं भोंग्यावर.

हिल्डाचा भोंगा बारा वर्षं मुका होता. आता तो तलावातल्या बोटीसारखा गरजला. कोंबड्या चहूदिशांना उधळल्या, दोन तर छपरावर जाऊन बसल्या, आणि थेल्माला कोपर काढता येईना, कारण तिचं सगळं वजन त्या एका कोपरावरच आलं होतं.

युनिस डाल पावाची सुरी घेऊन धावत आली. उंच, हाडापेराने मजबूत, पंचाहत्तरीची बाई. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. तिच्या मागून ऑर्विल आला. त्याच्या अंगात कोणातरी दुसऱ्याच माणसाचा ढगळ डगला होता, आणि त्याचे हात कोपरापर्यंत काळेकुट्ट होते. उलट्या लोंबकळलेल्या अवस्थेतसुद्धा ते हात बघून थेल्माला बरं वाटलं.

"ही कोण बाई?" युनिसने ओरडून विचारलं.

"बायको आहे माझी," ऑर्विल ओरडला.

"अशी का बसलीय?"

"थेल्मा, अशी का बसलीयस?"

"आधी मला बाहेर काढ!" थेल्मा ओरडली. "मग सांगते!"

दोघांनी मिळून तिला बाहेर ओढलं. भोंगा थांबला. थेल्माने झगा खाली ओढला आणि शक्य तेवढ्या ताठ मानेने विचारलं, "कुठंय ती?"

"कोण?"

"उघडी पडलेली."

युनिसने ऑर्विलकडे बघितलं, ऑर्विलने युनिसकडे. मग युनिस तिला कोठाराकडे घेऊन गेली. आत, गवताच्या गठ्ठ्यांच्या मधोमध, एक जुना मालवाहू पिकअप ट्रक उभा होता. इंजिनावरचं झाकण काढून ठेवलेलं, इंजिन अर्धं बाहेर, चाकं नाहीत, खाली तेलाचं डबकं, आणि बसायच्या जागेवर एक पांढरी कोंबडी अंड्यावर बसलेली. कोंबडीने थेल्माकडे संशयाने बघितलं.

"माझ्या नवऱ्याची गाडी आहे," युनिस म्हणाली. "तो गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. गेल्या महिन्यात तुझा नवरा अंडी घ्यायला आला, दारातून ही दिसली, आणि मग अंडी न घेताच दोन तास इथेच होता. मी म्हटलं, कर बाबा काय करायचं ते. पण काळ्या हातांनी माझ्या टेबलाला बसायचं नाही. साबण देते मी."

केक खरोखरच चांगला होता. थेल्माने दुसरा तुकडा घेतला तेव्हा ऑर्विलने खाली मान घालून सगळं सांगितलं. ऑगस्टमध्येच हिल्डाचं काम संपलं होतं. त्याने शेवटचा स्क्रू आवळला, गाडी सुरू केली, आणि कुठूनही काहीही वाजलं नाही. तो तीन दिवस ऐकत बसला. मग त्याने चांगलं असलेलं कार्बुरेटर सोडवून पुन्हा जोडलं. ते पहिल्यापेक्षा चांगलं चालायला लागलं.

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

ऑर्विलने काट्याने केकचे कण गोळा केले. "एकोणीस वर्षं मी तुला काय सांगत आलोय? मागच्या पायऱ्या? गाडी झाली की करतो. तळघराचा रंग? गाडी झाली की. नाचाचा वर्ग? गाडी झाली की." त्याने वर बघितलं. "थेल्मा, गाडी झाली."

युनिस खो खो हसायला लागली आणि तिला उठून खिडकीशी जावं लागलं.

परत येताना थेल्मा पुढे, ऑर्विलच्या शेजारी बसली. काढणी झालेल्या मक्याची शेतं दोन्ही बाजूंना मागे सरकत होती. हिल्डा नुसती वाहत होती. एकोणीस वर्षांत या गाडीत बसल्यावर दोघांना नेहमीच काहीतरी बोलायला असायचं. हे काय वाजतंय, जळाल्याचा वास येतोय का, उतरून ढकलू का, तू ढकल, नाही तू ढकल. आता दोन मैल झाले तरी दोघंही गप्पच होते.

"पायऱ्या सोमवारी करतो," शेवटी ऑर्विल म्हणाला. फाशीची तारीख सांगावी तसा.

"बरं," थेल्मा म्हणाली.

आणखी एक मैल गेला. तिने तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघितलं. इतका सुरेख गाडी चालवणारा इतका दुःखी माणूस तिने कधी पाहिला नव्हता. दहा दिवस ती या माणसाच्या मागे डोळ्यांत तेल घालून होती. त्याच्या डोक्यात गाडीशिवाय दुसरं काहीच नव्हतं हे आता तिला लख्ख कळलं, आणि त्याची तिला थोडी गंमत वाटली आणि थोडी लाज.

"ऑर्विल," ती म्हणाली, "ते काय वाजतंय रे?"

"कुठं?"

"खाली. उजव्या बाजूला. टिक् टिक् टिक्."

ऑर्विलने मान तिरकी केली. त्याचे कान अक्षरशः मागे सरकले. "मला नाही येत ऐकू."

"वळणावर येतो आवाज. आत्ता बघ. गेला."

ऑर्विलने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तो उतरला, वाकला, आणि मग चांगल्या पँटीसकट गाडीखाली गेला. थेल्मा बाहेर येऊन कुंपणाला टेकली. खालून त्याचा आवाज येत होता. कधी तो कुरकुरायचा, कधी शीळ घालायचा, कधी "छे, हे नाही" म्हणायचा. पाऊण तासाने तो बाहेर आला तेव्हा त्याच्या टकलावर चिखल होता.

"सापडलं नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "अवघड दिसतंय. उद्या सगळं खोलावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी थेल्मा कॉफी ओतत होती तेव्हा मागच्या दारातून तो जवळजवळ धावतच आत आला. त्याच्या तळहातावर एक छोटीशी, काळपटलेली पितळी चकती होती.

"सापडली! हीच वाजत होती. मागच्या चाकाजवळ सैल झाली होती. तुझे कान म्हणजे कमाल आहे बाई! मला शंभर वर्षं कळलं नसतं."

थेल्माने चकती हातात घेऊन उजेडाकडे धरली. आवाज तर नव्हताच. तो तिने मनानेच रचला होता. मग ही चकती कुठून आली? ती हिल्डाची होती, की युनिसच्या ट्रकची, की हा माणूस सकाळभर कुठल्यातरी डब्यात हात घालून शोधत बसला होता? तिने ऑर्विलकडे निरखून बघितलं. ऑर्विलने तिच्याकडे बघितलं. दोघांच्याही चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"आता नाही ना येणार आवाज?" त्याने विचारलं.

थेल्माने चकती परत त्याच्या हातावर ठेवली.

"चालवून बघायला हवं," ती म्हणाली. "मला तर वाटतं, तसे दोन आवाज होते."