नकारातली मेणबत्ती

आमचे शेजारी दत्तोबा मास्तर कुणाचंही कौतुक करायचे ते इंग्रजीतून. आणि तेही 'नॉट' घालून!

संस्थान नुकतंच विलीन झालेलं, मी मॅट्रिकला होते आणि मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांचा एकच लाडका वाक्प्रचार, 'कॅनॉट होल्ड अ कँडल टू'. म्हणजे अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही. तालमीतल्या शिरपानं एकदा त्यांना खूश करायला म्हटलं, "मास्तर, यू कॅन होल्ड अ कँडल!"

मास्तर उडालेच! "अरं, नॉट कुठं गेला? नकार न्हाय तर मेणबत्ती इझली! आपल्यात तरी 'पासंगाला पुरतोय' म्हणतंय का कोण?"

"पण मास्तर, घरात मेणबत्ती हाय की! धराय नॉट कशाला?"

मास्तर आठवडाभर शिरपाशी बोलले नाहीत.

टांगेवाल्याचं घोडं म्हणू नका, पेठेतला गूळ म्हणू नका, सगळ्यांना हीच मेणबत्ती. आणि घरी पावणं जेवायला आलं की हमखास! पांढऱ्या रश्श्याचा पहिला घोट घ्यायचे, पाटावर बोट आपटायचे आणि गर्जायचे, "खानावळवाले कॅनॉट होल्ड अ कँडल टू माय वाइफ!" पावणं माना डोलवायचं. काकू मात्र पदर सावरत आत निघून जायच्या. मला वाटायचं, लाजतात.

एका सकाळी काकू पिशवी घेऊन आमच्या दारात.

"चाललो बघ मी हुपरीला, भावाकडं. न्हाय यायची परत."

"अहो काकू, झालं काय?"

"चौदा वर्सं ऐकतोय. चारचौघांत म्हणत्यात, नॉट वाइफ! मला काय तेवढंबी इंग्रजी कळत न्हाय व्हय? बायको कामाची न्हाय म्हणत्यात!"

मला हसू आवरेना, पण काकूंचे डोळे भरलेले. मी घाईघाईनं अख्खं वाक्य फोडून सांगितलं. खानावळवाले कोण, मेणबत्ती कुणाची, नॉट कुणाला. काकू उंबऱ्यावरच बसल्या.

तेवढ्यात मास्तर धावत आले, एकाच पायात चप्पल.

काकूंनी वर पाहिलं. "अवो, एवढं चांगलं म्हणत हुता व्हय? मग मराठीत म्हणाय काय झालतं?"

मास्तर कोटाचं बटण चाळवत राहिले. मग अगदी हळू म्हणाले,

"मराठीत म्हटलं तर तुला कळलं असतं की."