खडक लागेपर्यंत आणि डाळ शिजेपर्यंत

खारपाणपट्ट्यात गोड पाणी काढून दाखवणारा मर्द एकच झाला, आणि तो मी. खोटं वाटत असेल तर परतवाड्याच्या नत्थुजींना विचारा.

आमचं गाव दर्यापूरच्या बाजूला. वर काळी माती, खाली पिवळी, तिच्याखाली रेती, तिच्याखाली पुन्हा माती. कुत्र्याला हाणायला दगड मिळत नाही, म्हणून आमची कुत्री फार माजोरी. पाणी कुठंही लागतं, पण खारं. त्यात तुरीची डाळ दिवसभर शिजत ठेवा, तरी वाळूसारखी वाजते. पिण्याचं पाणी बैलगाडीवर लांबून यायचं, आणि म्हणून गावाला कोणी पोरगी द्यायचं नाही.

माझा धाकटा भाऊ देवमन त्यापायीच बिनलग्नाचा राहिलेला. नत्थुजींची पोरगी मैना त्याला पसंत, तिलाही तो पसंत. पण नत्थुजी अडले.

"तुमच्या आंगनातल्या नुसत्या पान्यानं तुरीची डाळ शिजवून दाखवा, पोरगी देतो. माही मैना काय जनमभर गाडीच्या पान्याची वाट पाहीन?"

"एवढंच ना?" मी म्हणालो, आणि थेट अमरावतीहून भगवंत मिस्त्री बोअरिंगवाला घेऊन आलो.

अमरावतीकडं वीतभर माती खणली की काळा पत्थर. भगवंताचा सारा जन्म त्या पत्थरावर गेलेला. अंगणात तिवई उभी करून तो गावासमोर म्हणाला, "गोड पानी खडकाच्या पोटात रायते. खडक लागल्याबिगर हा भगवंत इथून हालनार नाही."

गाव एकमेकांकडं बघून हसलं. मी हसलो नाही. शपथ घेणाऱ्याला मधे अडवू नये.

पाइप जात राहिले. माती, रेती, माती. भगवंताचे पाइप संपले, त्यानं अकोल्याहून मागवले, तेही संपले. पाणी येई, मी चाखे, तोंड वाकडं होई. भगवंत म्हणे, "हे वरचं हाय. खडक लागू द्या."

एवढ्यात नत्थुजी परीक्षेला येऊन ठेपले. आता माघार कशी घ्यायची? मी छाती फुगवून म्हणालो, "सोयरे, असं पानी वऱ्हाडात नाही. वरन खाऊनच उठा."

"उठतो कायले? डाळ शिजल्याबिगर मी बी हालत नाही," नत्थुजींनी सगळ्यांदेखत मांडी ठोकली.

झालं! जिथं खडक नाही तिथं एक खडकाची वाट पाहतोय, जिथं डाळ शिजत नाही तिथं दुसरा डाळीची. दोघांच्या खाटा एकाच निंबाखाली. शब्द दिलेला वऱ्हाडी माणूस, उठेल कसा? माझी बायको केशरबाई दोघांना भाकर-ठेचा घालून थकली.

"अवो, हे दोघं मरेपावतर इथंच रायतीन काय?"

"हळू बोल. त्यायच्यावर देवमनचं लगन हाय."

देवमन चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेला. डोळे लाल, चेहरा काळा. "दादा, डाळ उकळून राहिली, पन एक दाना फुटत नाही," एवढंच बोले. तिकडं परतवाड्याहून नत्थुजींना निरोपावर निरोप: संत्र्याचे व्यापारी बागेत येऊन बसलेत, मालक कुठाय?

एका दुपारी बोअरमधून "टण्ण" असा आवाज आला. भगवंत नाचायलाच लागला. "खडक! खडक लागला!" गावानं नारळ फोडला, हार घातला, आणि कोणी पाणी चाखायच्या आत भगवंत तिवई उचलून मोटारीत बसला. संध्याकाळी केशरबाई लसूण कुटायला गेली, तर खल आहे आणि लोखंडी बत्ता नाही.

नत्थुजी पाहत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, सरपन संपलं वाट्टे. तुमी आन देवमन जा बरं."

मी दाराआड उभा राहिलो. सोयऱ्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, फळीवरचा डबा काढला आणि मूठभर पापडखार डाळीत टाकला. पापडखारानं दगडही शिजेल, हे आमच्याकडं तान्ह्या लेकराला ठाऊक. पण शर्त नुसत्या पाण्याची होती! नेमका देवमन सरपण घेऊन परतला आणि तोंड उघडू लागला. मी त्यात अर्धी भाकर कोंबली.

डाळ फसफसून शिजली. गावासमोर नत्थुजी वरण जेवले. साबणाचं पाणी प्यायल्यासारखे डोळे झाले होते, पण माणूस हटला नाही.

"गोड पानी हाय," ते म्हणाले. "पोरगी देली."

वाजतगाजत मैना घरी आली. ती हुशार, पहिल्याच दिवशी सगळं ओळखून देवमनकडं पाहून हसली आणि गाडीच्या पाण्यात वरण शिजवलं. नत्थुजींनी मात्र अब्रूखातर आमच्या पाण्याचं गुणगान परतवाडाभर केलं. त्यांच्या शब्दावर सोयरिकी आल्या, आणि वर्षभरात गावात लग्नाचा एक पोरगा उरला नाही. एवढा पराक्रम कोणत्या बोअरनं केलाय, सांगा.

आता नत्थुजी आले की चारचौघांत माझ्या अंगणातलं तांब्याभर पाणी घटाघट पितात आणि म्हणतात, "अमृत." पाहुण्याला एकट्याला कसं पिऊ द्यायचं? मलाही त्यांच्यासोबत तांब्या रिकामा करावा लागतो.