चौगुले सरांची दुसरी खुर्ची

गेल्या सोमवारी, तिसरा तास निम्मा झालेला असताना, चौगुले सरांना वर्गातून बोलावून नेलं. ते परत आले नाहीत. अन्याय त्यांच्यावर झालाय, नोंद करून ठेवा.

सांगलीतल्या आमच्या मिशनच्या कॉलेजात सर नीतिशास्त्र शिकवतात. त्यांना दोन खुर्च्या लागतात. टेबलामागच्या खुर्चीत बसून ते चर्चची बाजू मांडतात, अशी की दारावरनं जाणारे प्राचार्य फादरही थबकून मान डोलावतात. मग सर उठतात, चष्मा बदलतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि रिकाम्या टेबलावर खेकसतात, "आवं चौगुले, काय बोलताय हे?" पुढची वीस मिनिटं चौगुलेच चौगुल्यांची पिसं काढतात.

"आधी मांडा, मग मोडा," हे पालुपद. मेसच्या आमटीची तक्रार करायची तरी आधी आचाऱ्याची बाजू सांगायला लावायचे.

आधल्या आठवड्यात विषय होता घटस्फोट. लग्न का मोडू नये, हे सरांनी असं सांगितलं की दोघी मुली रडल्या. मग खुर्ची बदलली. रोज मार खाणाऱ्या बाईनं कुणाच्या पुण्यासाठी नांदायचं, असं विचारलं. मोबाइलवर व्हिडिओ पसरला, तेवढ्याच वीस मिनिटांचा. "चर्चचं खाऊन चर्चला शिव्या," म्हणून ओरड झाली. पहिली खुर्ची फादरांनी दारात उभं राहून ऐकली होती. तरी ओरडणाऱ्यांना ते त्यांनी सांगितलं नाही, सरांनाच काढून टाकलं.

सरांच्या बाजूनं पत्रक लिहून मी ते इस्लामपूरला त्यांच्या घरी घेऊन गेलो. मथळा : 'ढोंगी फादर'. सरांनी लाल पेन काढलं.

"ह्यात फादरांची बाजू कुटं हाय? आधी मांड गड्या."

"सर, त्यांनी तुम्हाला हाकललं!"

"व्हय. म्हणून तर."

समोरच्या खुर्चीत मी बसणार, तोच त्यांचा हात पुढं आला. तिथं सरांच्या पत्नी बसायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या.

"ही गेल्यापासनं घरात मला कुणी खोडून काढत न्हाई रं," सर म्हणाले. मग हात मागं घेतला. "बस तू."

मी बसलो. विचारलं, "व्हिडिओ कुणी काढला, फादरांनी विचारलं असेल?"

"लय विचारलं. न्हाई सांगितलं."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"खिडकीतल्या खुर्चीवरनं पहिला बाक दिसतो की."

पहिल्या बाकावर मी बसतो. मला तेवढीच वीस मिनिटं आवडली होती.

वाचणाऱ्यांनो, आजच फादरांना पत्र लिहा. आधी त्यांची बाजू मांडा, नीट, त्यांनी मान डोलवावी अशी. मग सरांना वर्गात परत मागा, दोन्ही खुर्च्यांसकट. आणि व्हिडिओ कुणी काढला, तेही लिहा. नाव शोधू नका, या पत्रकाखाली सही माझीच आहे.