पश्चिमेची काच आणि एकशे अठरा कपाटे

उन्हास एक नमस्कार, सावलीस दोन. लिहिणाराचे नाव पुसू नये. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी हुजुरांचे मनी आले की नवी कचेरी बांधावी, आणि पश्चिमेची भिंत अवघी काचेची करावी, म्हणजे परमुलखीचे लोक पाहून थक्क होतील. कामावर वास्तुविशारद मृदुलाबाई गोठोसकर नेमिल्या. बाईंनी वीट रचण्याआधी सगळी इमारत संगणकात उभी केली, आणि वर्षभराचे ऊन तासाभरात तिच्यावर पाडून दाखविले, आणि मग दरबारी अर्ज केला की, "दुपारी तीन वाजता कारकुनांच्या टेबलाशी बेचाळीस अंश भरतात." हुजूर वदले, "मग एसी लावा." बाई म्हणाल्या, "लावू, पण गावात दिव्यांना वीज उरायची नाही. काच सोडा. उत्तर-दक्षिण समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर पंख्यावर भागेल."

तेव्हा अंताजी रेडकर, जुने कारकून, जे जुन्या कचेरीत उन्हाने दोनदा चक्कर येऊन पडले होते, ते संगणकाच्या पडद्याजवळ जाऊन बारकाईने पाहते जाहले आणि म्हणाले, "बाई, यात कपाटं कुठायत?"

"कसली कपाटं?"

"दप्तराची. एकशे अठरा. आम्ही खिडकी दिसली की कपाट लावतो. कागद टाकायचा नाही, वाचायचाही नाही, अशी वहिवाट आहे."

दरबार हसला. हुजूर म्हणाले, "बाई, तुमचे यंत्र खोटे! काचच करा." बाईंनी चूक कबूल केली, आणि कपाटे यंत्रात घालून खिडक्यांपुढे लाविली, तो वारा मेला. मग पश्चिमेस काचेऐवजी भरीव भिंत घालून तीच कपाटे तिच्याशी दाटीने उभी केली, आणि पन्नास वर्षांच्या कागदाने ऊन तिथेच अडविले, आणि खिडक्या मोकळ्या राहिल्या, आणि आकडा एकतीसवर आला.

हुजुरांनी काचेच्या भिंतीचे कागदावरचे चित्र हाती घेतले. मग पुसिले, "रेडकर, दोनदा पडलात ना?"

"तीनदा, हुजूर. तिसऱ्यांदा रजा शिल्लक नव्हती, म्हणून खुर्चीतच पडलो."

हुजुरांनी चित्र घडी करून ठेविले.

पुढील वैशाखी, दुपारी तीन वाजता, अंताजी नव्या कचेरीत टेबलावर डोके टेकून निपचित दिसले. हुजूर स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तो घोरणे ऐकू आले. मग तांब्या हळूच खाली ठेवून माघारी फिरले.

सारांश, परमुलखीचे कोणी थक्क जाहले नाही. रेडकर मात्र पाच वाजता उठले.